बाबांच्या गोळ्या, आईचं इन्सुलिन आणि क्रूझची बॅग

आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरात रात्री दहाला गोळ्या संपल्या तरी काही अडत नाही. चौकातलं मेडिकल उघडं असतं, दुकानदार बाबांना ओळखतो, पैसे उद्या दिले तरी चालतात. वॉकरचं रबरी बूट झिजलं तर धंतोलीत सर्जिकलच्या दुकानात नवं मिळतं. जहाजावर यातलं काहीच नाही. तिथे दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण ते तातडीच्या उपचारांसाठी. बाबांची रोजची पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची, गोळी त्यांच्या कपाटात असेलच असं नाही. म्हणून आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी सिंगापूर, पेनांग, फुकेत अशी क्रूझ ठरली, तेव्हा मी कपड्यांच्या आधी औषधं आणि व्हीलचेअर यांचाच विचार सुरू केला. घरात पार्किन्सन्सचं माणूस असलं की लोक प्रवासाचं नाव काढायचं सोडून देतात. मला ते पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिलं काम रामदासपेठेतल्या आमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून पत्र घेण्याचं. नेहमीचं प्रिस्क्रिप्शन पुरत नाही, कारण त्यावर ब्रँडची नावं असतात आणि ती भारताबाहेर कुणाला कळत नाहीत. बाबांची गोळी ‘सिंडोपा प्लस’, आपल्याकडे बोलताना ‘१२५’. म्हणजे लेवोडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा २५. परदेशात हेच औषध बऱ्याचदा २५/१०० असं लिहितात. नुसतं १२५ वाचून समोरचा डॉक्टर काय समजेल याचा भरवसा नाही. डॉक्टरांनी लेटरहेडवर इंग्रजीत प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी, असं टाइप करून दिलं. हे औषध अचानक बंद पडू देऊ नका, हेही त्यांनी ठळक लिहिलं. लेवोडोपा एकदम तुटलं तर ताप येऊन अंग लाकडासारखं ताठरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

त्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र खाली, वेगळ्या चौकटीत होता: टाळायची औषधं. क्रूझ म्हटलं की समुद्र लागणं आलंच. उलट्या होणाऱ्या माणसाला कुठलाही डॉक्टर पटकन मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देतो. ही औषधं डोपामिनचंच, म्हणजे हालचालीसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचंच, काम अडवतात, आणि पार्किन्सन्समध्ये मुळात तेच कमी असतं. एका इंजेक्शनने हालचाल थिजू शकते. चक्कर येणाऱ्याला आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिनारिझिनसुद्धा याच कारणाने बाद. बाबांचा ईसीजी पाहून डॉक्टरांनी उलटीसाठी डोम्पेरिडोन लिहून दिलं. हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, कारण हृदयाचा त्रास असेल तर त्यालाही मर्यादा आहेत. ती चौकट मी छोट्या कार्डावर छापून लॅमिनेट केली आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. बाबांचा आवाज आता फार बारीक झालाय. गर्दीत त्यांनी काही सांगितलं तर ऐकू जाणार नाही, पण कार्ड वाचता येतं. दुसऱ्या बाजूला ‘मला पार्किन्सन्स आहे, मला थोडा वेळ द्या’ असं इंग्रजीत होतं. विमानतळावरच्या रांगांमध्ये ती बाजू जास्त उपयोगी पडली.

मग औषधांची खरेदी. आपल्याकडे हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतात आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. परदेशी कस्टमच्या माणसापुढे अशा कापलेल्या तुकड्याला काही अर्थ नाही. मी सगळ्या पूर्ण स्ट्रिप मागितल्या, बाबांच्या नावाचं पक्कं बिल घेतलं. “ताई, एवढ्या कशाला? परत आल्यावर घ्या ना,” असं दुकानदारदादा म्हणाले. पण विमान रद्द होतं, जहाज उशिरा लागतं. प्रवासाला लागतील त्याहून आठवडाभराच्या जास्त घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गोळ्यांचा वारांचा डबा मी नेला, पण रिकामा. जहाजावर चढल्यावर भरला. सीमा ओलांडताना गोळ्या मूळ पाकिटातच हव्यात.

बाबा झोपेत हातपाय झाडतात, त्यासाठी रात्री क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळी घेतात. इथे काळजी घ्यावी लागते. सिंगापूर, मलेशिया, थायलंड या तिन्ही देशांत अशा गोळ्यांवर कडक नियंत्रण आहे आणि जहाज त्या तिन्ही देशांच्या बंदरांत जातं. सिंगापुरात एचएसए हे सरकारी खातं औषधांचं पाहतं. त्यांच्या संकेतस्थळावर औषधाचं मूळ नाव टाकून परवानगी लागते का ते बघता येतं, आणि तिथूनच अर्जही करता येतो. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात. थायलंडमध्ये अशा नियंत्रित गोळ्या ३० दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांच्या पत्रासह. हे सगळं काही आठवडे आधी करायला हवं, तिकिटं निघाल्यावर धावपळ करून जमत नाही. आणि हो, आईने लाडवांसाठी काढलेली खसखस मी डब्यातून बाजूला ठेवली. सिंगापुरात खसखस नेणं हा गंभीर गुन्हा आहे.

आईच्या इन्सुलिनचा प्रश्न वेगळा होता. एप्रिल महिना, नागपुरात पारा ४२च्या पुढे. न उघडलेलं इन्सुलिनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि तिचं ग्लार्जिन या इन्सुलिनचं वापरातलं पेन ३० अंशांखाली २८ दिवस चालतं. पाण्यात भिजवून वापरायची कापडी थैली मिळते. ती आपल्या कूलरसारखी चालते: पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. सोनेगावच्या विमानतळापर्यंत ती छान चालली. पण कूलर मुंबईत का चालत नाही हे नागपूरकराला सांगायला नको. समुद्रावरच्या दमट हवेत त्या थैलीवर विसंबून चालत नाही. म्हणून पुढच्या प्रवासाला जेल पॅक आणि छोटी इन्सुलेटेड पिशवी. जेल पॅक आणि पेन यांच्यामध्ये जाड नॅपकिन हवा. इन्सुलिन एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. याच कारणाने ते चेक-इन सामानातही द्यायचं नाही, हातातच ठेवायचं. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड असतोच असं नाही, त्यामुळे जहाजाकडे आधीच औषधांच्या फ्रिजची मागणी नोंदवली, आणि सुया टाकायच्या डब्याचीही. दोन्ही मिळालं. सगळ्या औषधांचे दोन वाटे केले: एक माझ्या पर्समध्ये, एक भावाच्या सॅकमध्ये. बॅग हरवली तरी अर्धं तरी हाताशी राहतं.

जहाजात चढताना मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. तोवर दुपारच्या दोन गोळ्यांच्या वेळा निघून जातात. म्हणून औषधं, आईचं ग्लुकोमीटर, बाबांचे जास्तीचे कपडे आणि युरिन पॉट हे सगळं हातातल्या बॅगेत होतं.

वेळेचं गणित डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, थायलंड दीड तास. बाबांच्या दोन गोळ्यांमधलं अंतर मात्र तेच राहायला हवं. मी फोनवर घड्याळाचे गजर न लावता अंतराचा टायमर लावला. जेवणाआधी अर्धा तास गोळी, कारण अंडी, पनीर, डाळ यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट लागू पडत नाही. बुफेच्या रांगेत उभं राहण्याआधी हे जमवणं, एवढंच पथ्य.

आता व्हीलचेअर. बाबा घरात वॉकरवर चालतात, लांबच्या अंतराला चेअर लागते. घरची स्टीलची चेअर टेपने मोजली, हाताने फिरवायच्या कड्यांसकट बाहेरून बाहेर २५ इंच. साध्या केबिनचा दरवाजा बऱ्याच जहाजांवर २३ इंचांच्या आसपास असतो. दिव्यांगांसाठीच्या केबिनचं दार ३२ इंचांचं असतं आणि बाथरूममध्ये पायरी नसते, पण अशा केबिन थोड्याच आणि त्या लवकर भरतात. आमच्या तारखेच्या भरल्या होत्या. चेअर बाहेर पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत. आग लागल्यावर तीच वाट असते, त्यामुळे हा नियम योग्यच आहे. मग आम्ही ढकलायची, चारही लहान चाकांची, २१ इंची हलकी चेअर घेतली, भरीव टायरची, म्हणजे हवा भरायची कटकट नाही. बॅटरीची चेअर नेणाऱ्यांनी बॅटरीवरचा वॉट-अवरचा (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचा) आकडा विमान कंपनीला आधी कळवावा. निघणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत असेल तर ती काढून केबिनमध्येच न्यावी लागते.

चेअरचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, तिच्यावर नाव आणि फोन चिकटवला. पायपट्ट्या आणि उशी काढून हातात घेतल्या, कारण विमानाच्या पोटात सुटे भागच आधी हरवतात. पाना आणि ॲलन की चेक-इनच्या बॅगेत. वॉकरला पुढे चाकं आणि मागे रबरी बूट, असा आम्ही मुद्दाम निवडला. चार चाकांचा रोलेटर ऐटदार दिसतो, पण जमीनच हलत असेल तर तो आपल्या आधी पळतो. बुटांची जास्तीची जोडीही घेतली.

बाबांचे पाय उंबरठ्याशी थिजतात. पार्किन्सन्सच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. जहाजाच्या बाथरूमला चांगला उंच उंबरठा होता. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं की जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाऊल उचलतं. नागपुरातून पिवळी चिकटपट्टी नेली होती. केबिन बघणाऱ्या मुलाला विचारून बाथरूमपर्यंत पट्ट्या मारल्या. बाबा एकेक पट्टी ओलांडत गेले, कुणाचा हात न धरता. आईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो. मला सगळ्या प्रवासात याचा आनंद सर्वांत जास्त झाला.

संकटात लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशीच्या सुरक्षा सरावात बाबांचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत घातलं. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, चेअर सरळ उतरते. फुकेतला आमचं जहाज पाटोंगसमोर समुद्रातच उभं राहणार होतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायचं होतं. लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं बाबांना शक्य नव्हतं. हे नागपुरातच कळलं होतं, त्यामुळे बाबांना बळ असेल तेव्हाचं फिरणं पेनांगला ठेवलं, आणि पाटोंगच्या दिवशी भाऊ आईला घेऊन गेला, बाबा आणि मी डेकवर बसून गप्पा मारल्या.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट सकाळी टर्मिनलवर मिळतात. म्हणजे सकाळच्या गोळ्या, आईचं पेन, वॉकर आणि विमानातली औषधं रात्रीच बाजूला काढायची. परतताना चेक-इनवर चेअर देताना ती विमानाच्या दारातच परत हवी असं सांगायचं, बेल्टवर नको, आणि तसं टॅगवर लिहिलंय का ते तिथेच वाचून घ्यायचं.