कॅनडाच्या पीआरची (कायम राहण्याच्या परवान्याची) फाईल चालू असताना दिवस गेले तर

"आत्ता काही कळवू नका, फाईल लांबेल. एकदा पीआर हातात आला की बाळाला मागनं बोलवून घ्या." हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की शेवटी मी नुसतं हं हं करायला लागले. देणारे सगळे आपलेच, काळजीपोटीच बोलतात, पण कॅनडाच्या बाबतीत याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही, म्हणून आधी हेच लिहिते, मग बाकीचं रामायण.

आमचं असं, की नवरा ओंटारियोत, पीआर आहे, सिटिझन नाही. लग्नानंतर त्याने मला स्पॉन्सर केलं, म्हणजे बायको म्हणून माझ्या पीआरसाठी अर्ज केला, मी इकडे साताऱ्यात, म्हणजे ज्याला लोक आऊटलँड (कॅनडाबाहेरच्या माणसाची) फाईल म्हणतात ती. तो सुट्टीला येऊन गेला आणि थोड्याच दिवसांत कळलं की गोड बातमी आहे. आनंद तर झालाच, पण व्हिडिओ कॉलवर दोघंही हसून झाल्यावर एकदमच म्हणालो, अरे, फाईलचं काय!

तर तो नियम. कॅनडाच्या इमिग्रेशन रेग्युलेशन्समध्ये 117(9)(डी) म्हणून कलम आहे. तुम्ही पीआर होताना तुमचं मूल कागदावर दाखवलं नाही आणि त्यामुळे त्याची तपासणी झाली नाही, तर ते मूल तुम्हाला पुढे फॅमिली क्लासमधनं, म्हणजे जवळच्या नात्याच्या वाटेने, स्पॉन्सर करता येत नाही. म्हणजे "मागनं बोलवून घ्या" हेच नेमकं होत नाही. 2019 च्या सप्टेंबरपासून अशा राहून गेलेल्या बायकामुलांसाठी एक पायलट (प्रयोगादाखल) पॉलिसी आणलीय आणि त्यातनं काहींना सवलत मिळते, पण सवलतीच्या भरवशावर स्वतःचं पोर मागे ठेवायचं का? वर माहिती लपवली असं अधिकाऱ्याने धरलं तर मिसरेप्रेझेंटेशन, त्याला पाच वर्षांची बंदी. फाईल दोन-चार महिने लांबली तर लांबू दे, पण ही बंदी परवडत नाही.

आणखी एक जागा आहे जिथे माणूस सहज फसतो. समजा तुमचा पीआर व्हिसा आला, पासपोर्टवर शिक्का बसला, आणि विमानात बसायच्या आधी इकडेच बाळ झालं. तेव्हा लोकांना वाटतं की आपलं तर मंजूर झालंय, आता काय कळवायचं. पण पीआर तुम्ही तिकडे लँड झाल्यावर होता, नुसता कागद आल्यावर नाही. तोवर मूल झालं की ते कळवायचं, त्याचं सगळं होईपर्यंत थांबायचं. लँड झाल्यानंतर झालेल्या मुलाची गोष्ट वेगळी, त्याला हे कलम लागत नाही.

मग घरात चर्चा सुरू झाली की बाळंतपण कुठे. सासूबाईंचं म्हणणं, व्हिजिटर व्हिसावर जा, तिकडे झालं की बाळ जन्मानेच कॅनेडियन, काय कटकट नाही. हे खरंय, तिथे जन्मलेलं मूल नागरिकच असतं, आईबापाचं स्टेटस काही का असेना (परकीय डिप्लोमॅट सोडून). फाईल चालू असताना व्हिजिटर व्हिसा मागता येतो, त्यालाही मनाई नाही. पण नवऱ्याचं ओहिप (ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड त्याच्यापुरतं, मी व्हिजिटर म्हणून गेले की हॉस्पिटलचं बिल आमच्या खिशातनं, आणि त्यात सिझर झालं किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवायला लागलं तर आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. मी सरळ म्हणलं, मी माहेरी बाळंत होणार. नवरा थोडा हिरमुसला, कारण त्याला रजा जेमतेम मिळणार होती. पण हिशोब त्यालाही कळत होता.

माझ्या मैत्रिणीचा नवरा तिकडचा सिटिझन झालेला, तिचं मूल कोल्हापुरात झालं तरी बापामुळे नागरिक, त्यामुळे तिला मुलासाठी इमिग्रेशनचं काहीच करायचं नव्हतं, फक्त सिटिझनशिप सर्टिफिकेट. त्यामुळे कुणाचं ऐकताना आधी विचारा, त्यांचा नवरा पीआर की सिटिझन. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

फाईलसाठीच्या मेडिकलचं (तब्येतीच्या तपासणीचं) पत्र नेमकं मला सहावा चालू असताना आलं. मेडिकल कॅनडा इमिग्रेशनच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, म्हणजे पॅनेल फिजिशियनकडेच लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही, म्हणून मुंबई गाठली. मोठ्यांच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. गरोदर बाईला तो डिलिव्हरीनंतर करायची मुभा आहे, हे मला आधीच माहीत होतं म्हणून बरं, कारण काऊंटरवरच्या मुलीने शिसाचा एप्रन घालून आत्ताच काढून टाकू म्हणून मला जवळजवळ आत नेलंच होतं. तसंही चालतं म्हणे, निवड आपली असते. आई मागनं "अजिबात नाही" एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. झालं, माझी फाईल एक्स-रेसाठी अडकली ती बाळंतपणापर्यंत. पण बाळाची भर त्यात पडायचीच होती, त्यामुळे त्या अडकण्याने आमचं फारसं काही बिघडलं नाही.

मुलगी झाली आणि खरी पळापळ तेव्हा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची हे ठीक, पण एरवी आपल्याकडे दाखला नावाशिवाय निघतो आणि नाव सावकाश घालतात, इथे तर पासपोर्ट हवा, म्हणजे नाव हवं, आणि तेही स्पेलिंगसकट पक्कं. आत्याबाईंनी कानात कुर्र करायच्या आधीच नाव नगरपालिकेच्या फॉर्मवर गेलं. आत्याबाई अजून बोलून दाखवतात.

पासपोर्टला दोघांची संमती लागते आणि बाप परदेशात, म्हणून त्याने तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटकडनं ॲफिडेविट अटेस्ट करून कुरिअर केलं. हे काम बाळ व्हायच्या आधी चौकशी करून ठेवा, बाकी सगळं पळून होतं, हे होत नाही. आणि फोटो! पांढऱ्या चादरीवर झोपवून, मी वरनं खुळखुळा वाजवतेय, भाऊ मोबाईल धरून उभा, ती एकतर झोपते नाहीतर तोंड वाकडं करते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि आईचा हात फ्रेममध्ये नको, हे तिन्ही एकदम जमेपर्यंत भावाची मान आखडली.

मग फाईल नंबर घालून इमिग्रेशनच्या वेबफॉर्मवर कळवलं, जन्मदाखला, पासपोर्ट, फोटो, दुरुस्त केलेले फॅमिलीचे फॉर्म, आणि तिची प्रोसेसिंग फी, आम्ही भरली तेव्हा 175 डॉलर. मोठ्यांना लागते ती वेगळी पीआर फी मुलांना नसते, आणि 14 वर्षांखाली बायोमेट्रिक्सही (बोटांचे ठसे वगैरे) नाही. तिच्या मेडिकलला वजन, उंची, डोक्याचा घेर आणि डॉक्टरांनी तपासलं, बस्स, ना रक्त ना एक्स-रे. माझा राहिलेला एक्स-रे त्याच फेरीत उरकला.

नवऱ्याला भीती होती की घरात तिसरं माणूस वाढलं तर त्याचा पगार पुरेसा धरतील का. बायको आणि मुलासाठी किमान उत्पन्नाची अटच नाही. बदलते ती आमचा खर्च उचलायची त्याने सरकारला दिलेली हमी, माझ्यासाठी तीन वर्षं, मुलीसाठी दहा वर्षं किंवा ती 25 ची होईपर्यंत, जे आधी संपेल ते (क्युबेकचं गणित वेगळं).

"आता बाळ झालं म्हणजे नात्याचा पुरावा द्यायलाच नको" असंही लोक म्हणतात. मी तरी फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या, तिकिटं, सगळं देत राहिले. जास्त दिलं म्हणून कुणाची फाईल नाकारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

परवा व्हिसासाठी दोघींचे पासपोर्ट मागवलेत. नवरा आता कार सीट बघतोय, रोज एक नवीन लिंक पाठवतो, आणि मी त्याला म्हणतेय की आधी तिचं वजन विचार, मग घे, तुझ्या डोक्यातली मुलगी अजून व्हिडिओ कॉलवरच्या पहिल्या आठवड्यातलीच आहे.