थुंकीत भिजवलेले टाके

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, ओरल सर्जरी (तोंडाची शस्त्रक्रिया) मिळाली तेव्हा थिसिससाठी महिनोन्महिने दोरे तोडत बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. विषय गाईड मॅडमनी दिला: तोंडातल्या वातावरणात टाक्यांच्या दोऱ्याची ताकद किती टिकते. दोरे तीन, सगळे ३-० या एकाच मापाच्या जाडीचे. काळा सिल्क, आतड्यापासून केलेला क्रोमिक कॅटगट आणि आपोआप विरघळणारा जांभळा कृत्रिम दोरा व्हिक्रिल.

पहिली फजिती यंत्राने केली. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं मशीन हजार किलोन्यूटनचं, म्हणजे सुमारे शंभर टनांच्या ओढीचं, त्यावर बांधकामाच्या सळ्या ओढतात. माझा सिल्क जेमतेम दीड-दोन किलोच्या ओढीला तुटणारा. दोरा तुटला, स्क्रीनवर आकडाच नाही! ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, हे सूतवाल्यांचं काम. इचलकरंजीला जावा."

गेले. तिथल्या लॅबमध्ये सुताचा एकेक धागा ओढून बघायचं मशीन होतं. तिथेही दोरा कधी मशीनच्या जबड्यातून, म्हणजे पकडीतून, निसटायचा, कधी नेमका जबड्याच्या कडेला तुटायचा. असे तुकडे मोजायचे नाहीत. शेवटी जबड्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दोरा वाळू द्यायचा नाही, कारण ओला आणि सुका सिल्क सारखा तुटत नाही. म्हणून कृत्रिम लाळेत दोरे भिजत ठेवलेल्या नळ्या थर्मासमध्ये घालून एसटीने न्यायचे. शेजारच्या मावशींनी एकदा चहा समजून मागितला होता.

कृत्रिम लाळेतले आकडे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी कॅटगटच्या रांगेवर बोट ठेवलं. "हा इतके दिवस टिकतो? ओपीडीत बघतेस ना तू?" बघत होतेच. पेशंट आठवड्याने येतो तेव्हा कॅटगटचे अर्धे टाके गायब असतात. बाटलीतल्या लाळेत क्षार होते, दाटपणासाठी सेल्युलोज होतं. प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स आणि जंतू नव्हते. आणि कॅटगट म्हणजे जनावराच्या आतड्यातलं कोलॅजन, म्हणजे प्रथिनच. मी त्याची परीक्षा त्याच्या शत्रूला बाहेर ठेवून घेतली होती.

मग खरी लाळ घेण्यासाठी एथिकल कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे) पुन्हा अर्ज, आणि ज्युनिअर्सच्या मागे नळी घेऊन फिरणं. सकाळी उपाशीपोटी, काही न चघळता, आपोआप साचेल तेवढीच लाळ. "ताई, अजून किती थुंकू?" हे वाक्य वर्षभर ऐकलं. लाळ रोज बदलायची, इन्क्युबेटर ३७ अंशांवर, रविवार असो की दिवाळी.

या खऱ्या लाळेत चौदाव्या दिवशी कॅटगटचे बरेच तुकडे चिमट्याने उचलतानाच तुटले. सिल्क भिजल्याबरोबर थोडा ढिला पडला आणि मग तसाच राहिला. पण ताकद टिकते म्हणून तो तोंडात राहू द्यावा असं नाही. विणलेला दोरा वातीसारखी लाळ आणि जंतू आत ओढतो, म्हणून तो आठवडाभरात काढतातच. व्हिक्रिल एन्झाइम्सना दाद देत नाही, पाण्यानेच हळूहळू विरघळतो. दोन आठवडे तो शाबूत होता.

गाठीचे नमुने वेगळे केले होते. दोरा कुठलाही असो, बहुतेक वेळा तुटला तो गाठीपाशीच. तेव्हापासून अक्कलदाढेचे टाके घालताना माझा हात गाठीवर जरा जास्त रेंगाळतो, आणि सिस्टर घड्याळाकडे बघतात.

थिसिस जमा झाला. इन्क्युबेटरचा वास मात्र जाईना. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी तो तीनदा धुवून घेतला, माझ्याकडूनच.