चाळकेवाडीच्या सड्यावर एक सकाळ

आज पहाटे साडेपाचला सायकलवरून सातारा सोडले, बोगदा ओलांडला आणि सज्जनगड उजेडात येईपर्यंत चढाला लागलो होतो. ठोसेघरपर्यंतचा रस्ता डांबरी असल्याने तिथे सांगण्यासारखे फारसे काही नाही. दम लागतो, इतकेच. खरी मजा चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी काढलेले कच्चे रस्ते जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, दूरवर फाटे फोडत जातात.

जांभ्याचा हा खडक दिसतो सपाट, पण चाकाखाली येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक खळग्याचा हिशेब मनगटाला द्यावा लागतो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमधली हवा थोडी कमी केल्यावर सायकल खडकावर उडायची थांबली. मात्र वळणावर साचलेल्या सुट्या खडीत पुढचे चाक घसरले आणि मी बाजूच्या वाळल्या गवतात अलगद बसलो. कोपर खरचटले. अभिमान जरा जास्तच. चूक माझीच होती, कारण खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये हे मला चांगले ठाऊक आहे.

पुढच्या उभ्या चढावर सायकल ढकलताना म्हशी राखणाऱ्या आजोबांनी विचारले, "पाव्हणं, ढकलायचीच हाय तर आणली कशाला?" उत्तर सुचले नाही, म्हणून त्यांच्याजवळच बसून शेंगदाण्याचा लाडू अर्धा अर्धा खाल्ला. डोक्यावर पवनचक्कीचे पाते घुमत होते आणि त्याची सावली दर फेरीला आमच्या अंगावरून सरकत होती.

परतीचा उतार चाळीस मिनिटांत संपला.