मोतीचा डावा कान

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. उदगीरला माझा दवाखाना. येणारं जनावर बहुतेक देवणी गाय, नाहीतर म्हैस. त्या सकाळी गुरुजींनी मोतीला रिक्षातून आणलं, तोंडाला उपरणं बांधून. मोती स्प्रिंगर स्पॅनिअल जातीचा कुत्रा, 22 किलोंचा, मुलाने हैदराबादहून आणून दिलेला.

"जवळ गेलं की अंगावर यायलंय बघा, मॅडम. काल हिच्या हाताला चावलं. गल्लीतले म्हणायलेत पिसाळलंय, सोडून या कुठंतरी."

काकूंच्या मनगटावर हळद दाबलेली. मोतीआधी मी काकूंकडे वळले. हळद काढली, साबण लावून 15 मिनिटं जखम नळाखाली धरायला लावली आणि लगेच सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी पाठवलं. कुत्र्याच्या लसीचं कार्ड यंदाचं होतं, तरीही.

मग मोती. चाल सरळ, हाक मारली की बघतो, पाणी प्याला. मान मात्र डावीकडे कललेली आणि दर मिनिटाला डोकं झटकणं चालू. या जातीने पिढ्यान् पिढ्या गवतात शिरून पक्षी उडवलेत. स्प्रिंगर हे नावही त्यावरूनच पडलं. पडलेला पक्षी दातांनी न चिरडता मालकाच्या हातात आणून द्यायचा, ही तिची शिकवण. इतक्या मऊ तोंडाचं कुत्रं घरच्या बाईला चावतं, तेव्हा मी आधी दुखणं शोधते.

"फिरवता कुठं?"

"तुरीच्या धुऱ्यावर. मोकळाच असतो."

दिवाळीनंतरचा धुरा म्हणजे वाळलेलं कुसळी गवत. गुंगीचं इंजेक्शन दिलं, कान उचलला. कुबट वास आला. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते, मग आत वळते. त्या वळणावर कुसळ रुतलेलं. त्याचे बारीक काटे उलटे असतात, म्हणून ते पुढेच सरकतं. शिवाय ओल लागली की पीळ फिरतो आणि टोक आणखी आत शिरतं. नरकचतुर्दशीला मोतीलाही अंघोळ घातली होती, असं गुरुजी म्हणाले. लांब चिमट्याने एक काढलं, मग दुसरं. तिसरं पडद्याला टेकलेलं. ते निघेपर्यंत मी श्वास धरला होता.

काल नक्की काय झालं, ते नंतर कळलं. मान वाकडी धरतोय म्हणून काकू त्याच्या कानात कोमट तेल सोडत होत्या.

गुरुजी बराच वेळ कागदावरची तीन कुसळं बघत राहिले. मी सांगितलं: तेल बंद. अंघोळीनंतर कान आतून कोरडे करा, कानाखालचे केस बारीक ठेवा, धुऱ्यावरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. आणि रेबीजची शंका फिटावी म्हणून 10 दिवस बांधून, नजरेखाली.

अकराव्या दिवशी तिघं आले. मोती ठीक होता. काकूंची 28व्या दिवसाची लस अजून राहिली होती, ती तारीख मी त्यांच्या कार्डावर लाल पेनने गोल केली. तेवढ्यात मोतीने त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवली होती, डावा कान वर करून.