‘बुटीक’ वाईनरीच्या शोधात: नाशिक, निफाड आणि पाटाचे ते सात किलोमीटर

आधी तक्रार, मग वाईन. नाशिकमध्ये ‘बुटीक वाईन टूर’ म्हणून जी गाडी हॉटेलच्या दारात येते तिच्यात बसू नका. आम्ही बसलो. माणशी ३,८०० रुपये, चौघांचे १५,२००, तेही आदल्या दिवशी आगाऊ. फोनवर ठरलं होतं, "चार छोट्या वाईनरी, टेस्टिंगसकट." प्रत्यक्षात पहिलं ठिकाण असं की फेब्रुवारीतल्या शनिवारी पार्किंग मिळायलाच पाऊण तास गेला, आणि आत सेल्फीसाठी रांग. दुसरं म्हणजे एक रेस्टॉरंट, जिथे इतर चार गोष्टींबरोबर वाईनही मिळते. तिसरं चक्क हायवेवरचं दारूचं दुकान, दर्शनी भागात दोन लाकडी पिंपं मांडलेली. मेव्हण्यानं एकावर टकटक करून पाहिलं, पोकळ वाजलं. चौथी वाईनरी "आज बंद आहे साहेब". टेस्टिंगचे पैसे जिथे तिथे वेगळे मोजले. ‘टेस्टिंगसकट’ म्हणजे टेस्टिंगच्या दारापर्यंत सोडणं, असा खुलासा ड्रायव्हरनं संध्याकाळी केला. त्याची बिचाऱ्याची चूक नव्हती. ज्यानं पैसे घेतले त्यानं नंतर फोन उचलला नाही.

म्हणजे आमचा एक दिवस आणि वीसेक हजार रुपये गेले, आणि छोट्या वाईनरीची वाईन जिभेला लागली नाही ती नाहीच.

रात्री हॉटेलवर बसून शहाणपण सुचलं ते असं. ‘बुटीक’ या शब्दावर कुणाचा पहारा नाही, कुणीही पाटी लावावी. गंगापूर-सावरगाव रस्त्यावरची यॉर्क वर्षानुवर्षं छोट्या घरगुती वाईनरीचं उदाहरण म्हणून सांगितली जायची. २०२१ मध्ये ती सुला या मोठ्या वाईन कंपनीनं घेतली. वाईन चांगली आहे, धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्तही आहे, जरूर जा. पण छोटी समजून जाऊ नका. खरी छोटी वाईनरी ओळखायची तर फोन करून तीन प्रश्न विचारा: द्राक्षं कुणाच्या शेतातली? क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडणं, तुमच्याकडेच होतं का? आणि उद्या आम्हाला वाईन कोण दाखवणार? तिसऱ्याचं उत्तर "आमचा स्टाफ आहे" असं आलं तर समजून घ्या. "मी असतो, नाहीतर माझा भाऊ असतो" असं आलं तर गाडी काढा.

रविवारी आमची स्वतःची गाडी काढली. बायको वाईन पीत नाही, फक्त वास घेते आणि मत देते, म्हणून स्टिअरिंग तिच्याकडे. तुमच्यात न पिणारं कुणी नसेल तर दिवसभरासाठी साधा टॅक्सीवाला ठरवा, ‘वाईन टूर’वाला नको. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि सहा ग्लासांतले घोट गिळले तर ती ओलांडायला फार वेळ लागत नाही.

सकाळी निघण्याआधी एक घोडचूक केली, ती तुम्ही करू नका. नाशिकला आलोय तर मिसळ खायलाच हवी म्हणून काळ्या रश्श्याची झणझणीत मिसळ हाणली. त्यानंतर दीड-दोन तास जिभेला फक्त तिखट कळत होतं. पहिली सोव्हिन्यों ब्लां (पांढरी वाईन) मी मिसळीच्या तोंडानं प्यायलो आणि "पाणचट आहे" असा निकाल देऊन मोकळा झालो. तीच वाईन दुपारी पुन्हा चाखली तेव्हा त्यात ताज्या चिरलेल्या ढोबळी मिरचीचा आणि कच्च्या पेरूचा वास स्वच्छ येत होता. मिसळ परतीच्या दिवशी खा. सकाळी ब्रेड-बटर, फार तर साधे पोहे.

आता विंचूर. नकाशावर तिथल्या वाईन पार्कात ओळीनं वाईनरी दिसतात. आम्ही ज्या दोन फाटकांसमोर गेलो त्यांतल्या एकाला गंजलेलं कुलूप होतं आणि दुसऱ्यावरचा वॉचमन म्हणाला, "इथं नुसतं बल्क होतं, बाटली नाही भेटायची." यामागे इतिहास आहे. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क काढले. बागायतदारांनी हौसेनं वाईनची द्राक्षं लावली, शेडं उभी केली. २००८-०९ ला मंदी आली, माल टाक्यांत पडून राहिला आणि कित्येकांनी वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं धरली. जी छोटी युनिटं उरली त्यांतली बरीच मोठ्या कंपन्यांना कंत्राटावर वाईन करून देतात. तेव्हा नकाशावरची टाचणी पाहून जायचं नाही. आदल्या दिवशी फोन, आणि सकाळी निघताना पुन्हा फोन.

आम्ही दोन्ही फोन केले होते तो माणूस निफाड तालुक्यातला. त्याचं नाव-गाव लिहीत नाही. त्याच्याकडे टेस्टिंग रूम नाही, गर्दी नकोय, ओळखीच्यांच्या ओळखीनं गेलो. पण तिथे पोचायचा रस्ता लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मोबाईलनं मुख्य रस्त्यावरून पाटाच्या कडेनं वळवलं. सात किलोमीटर, चौदा मिनिटं, असं म्हणाला. पहिलं दीड किलोमीटर डांबर, मग खडी, मग खडीही संपली. उसाच्या ट्रॉल्यांनी काळ्या मातीत इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की आमच्या सेडानचं पोट मधल्या उंचवट्यावर घासत होतं. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला ऊस, वळायला जागा नाही. समोरून भरलेली ट्रॉली आली. त्या ट्रॅक्टरवाल्यानं मागे घेणं शक्यच नव्हतं, म्हणून बायकोनं जवळजवळ चारशे मीटर रिव्हर्स घेतली, मी बाहेर चालत "डावीकडे, डावीकडे" ओरडत. मेव्हण्याची बायको डोळे मिटून बसली होती. नंतर सायलेन्सरखालचं पत्र्याचं कव्हर लटकायला लागलं, ते मेव्हण्यानं बुटाच्या लेसनं बांधलं. चौदा मिनिटांचे पंचावन्न झाले. पोचलो तर यजमान हसत म्हणाला, "पाटानं कशाला आलात भाऊ? त्या रस्त्यानं आम्ही मोटारसायकल नाही घालत. मागनं डांबरी आहे ना!" नऊ किलोमीटर लांबून, पण पूर्ण डांबरी. ही गोष्ट दोन फोनांत त्यानं सांगितली नाही, कारण आम्ही विचारली नाही. विचारा. "डांबरी रस्ता कुठून?" एवढे तीन शब्द. आणि गाडी उंच नसेल तर निफाड-विंचूर पट्ट्यात गळीत हंगाम संपेपर्यंत मोबाईलच्या शॉर्टकटवर अजिबात विश्वास ठेवू नका.

आणि तरीही सांगतो, तिथे जे चाखलं त्यासाठी मी ते सात किलोमीटर पुन्हा जाईन. बायको जाणार नाही म्हणते.

आधी त्यानं बागेत नेलं. वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं, बियांचं. आमच्या तोंडात बिनबियांच्या थॉम्पसनची सवय, त्यामुळे पहिला मणी चावल्यावर सगळ्यांचे चेहरे वाकडे. तो म्हणाला, "बी थुंकू नका, चावा." बी दाण्यासारखी कुडकुडली, कडूपणा कमी. हिरवी बी दाताखाली चिकट लागते आणि तोंड आखडतं. तपकिरी होऊन कुडकुडली की घड पिकला. शुगर मोजायला यंत्र आहेच, बावीस-तेवीस ब्रिक्सला तो तोडणी धरतो, पण शेवटचा कौल बीचा. तोडणी पहाटे, उन्हं यायच्या आत, कारण गरम द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळासाठी गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. युरोपात ऑगस्ट-ऑक्टोबरला जी गडबड असते ती इथे थंडीत. म्हणून जायचं तर याच दिवसांत जा. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, पण टाक्या गप्प असतात.

टाकीशी गेलो. स्टीलची, बाहेरून घाम आलेली. आत शेनँ ब्लां ही पांढरी वाईन आंबत होती, तापमानाच्या काट्यावर १५. त्यानं छोट्या नळातून काचेच्या उभ्या नळीत रस घेतला, त्यात रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला, तो डुचमळून थांबला. "काल १०४० होतं, आज १०२८. हजाराच्या खाली गेलं की साखर संपली." मग तोच रस आमच्या ग्लासांत. गढूळ, लिंबाच्या सरबतासारखा, जिभेवर चुरचुरणारा, अर्धा गोड आणि अर्धा दारू, वरून ताज्या पावाचा वास. ही काही वाईन नव्हे अजून, पण मी आजवर इतकं जिवंत काही प्यायलेलो नाही. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीची तीच शेनँ ठेवली: स्वच्छ, पेरू आणि पिकल्या पपनसाच्या जवळची. बायकोनं दोन्हींचा वास घेतला आणि म्हणाली, "हे पीठ भिजवल्यावर, आणि हे भाकरी झाल्यावर." यजमानानं तिच्याकडे आदरानं पाहिलं.

शिराझ ही लाल वाईन त्यानं पिंपातून काचेच्या लांब नळीनं काढून दिली. मिरीचा वास, मागे धूर. त्याच्याकडे २२५ लिटरची मोजून चार पिंपं. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं जातात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा की हा माणूस किती थोडी वाईन करतो. टेस्टिंगचे पैसे घेतले नाहीत. आम्ही सहा बाटल्या घेतल्या. अशा ठिकाणी फुकट चाखून हात हलवत परत येणारे लोक असतात, तसे होऊ नका. आणि थुंकायची लाज बाळगू नका. तो स्वतः प्रत्येक घोट नाल्यात थुंकत होता. दिवसाला दोन वाईनरी, तिसरी नाही. तिसरीत सगळं चांगलंच लागतं, आणि ते मत काही कामाचं नसतं.

ओळखपाळख नसेल तर या बाजूला निफाडजवळ कुंदेवाडीची रेव्हिलो वाईनरी आहे. ग्रिलो, नेरो द'अव्होला, सांजोव्हेझे अशा इटालियन जाती ते नाशिकच्या मातीत घेतात. ग्रिलो मागाच. फोन करून जा.

सोमवारी परतताना घोटीवरून कावनईला व्हॅलोने वाईनरी, मुकणे धरणाच्या बाजूला. रस्ता चांगला, जागा सुंदर, सुकवलेल्या द्राक्षांची त्यांची गोड वाईन जेवणानंतर घोटभर पुरते. सगळं सुरळीत झालं, म्हणून सांगण्यासारखं काही नाही. घरात म्हातारी माणसं असतील किंवा वेळ एकच दिवसाचा असेल तर नाशिकपर्यंत न जाता इथूनच परत फिरा.

किरकोळ पण महत्त्वाचं: २६ जानेवारीला ड्राय डे असतो, जोडून सुट्टी आली म्हणून निघू नका. वाईनसाठी वय एकवीस हवं, ओळखपत्र जवळ असू द्या. अत्तर, सेंट घरी ठेवा, वाईनचा वास दबतो.

आणि थर्माकोलचा डबा न्या, बर्फाच्या पिशव्यांसकट. आम्ही नेला नव्हता. त्या सहा बाटल्या सोमवारी डिकीत होत्या, आणि आम्ही कसाऱ्याच्या अलीकडे गाडी उन्हात लावून दोन तास जेवत बसलो. ठाण्याला घरी येऊन पाहिलं तर शिराझच्या एका बाटलीचं बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं, बुचावरच्या आवरणाखाली (कॅप्सूल) चिकट जांभळा ओघळ. उघडली. शिजवलेल्या मनुकांसारखी लागली. स्क्रू कॅपच्या दोन शेनँ निदान गळल्या तरी नाहीत. त्या मेव्हण्याकडे आहेत, आणि तो त्या उघडायचं नाव काढत नाही.