ओळंबा आणि दोन खड्डे

रविवार, रात्री साडेनऊ

कागदी लिंबाची दोन रोपं आठ दिवस ओट्यावर पडून आहेत. ती कुठे लावायची ते ठरेना, म्हणून आज दुपारी दादांचा, म्हणजे वडिलांचा, ओळंबा काढला आणि जमिनीखालचं पाणी शोधत परसात फिरले. मोरीकडच्या कोपऱ्यात तो गोल फिरायला लागला तेव्हा अंगावर काटा आला. दादांना जाऊन सहा वर्षं झाली, पण हात त्यांचाच वाटला.

दादा पंचक्रोशीत पाणाडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारे, म्हणून ओळखले जायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी शेत चालायचे. नारळ उभा राहिला की मागून येणारी मी तिथे खुंटी ठोकायची. पैसे कधी घेतले नाहीत, फक्त नारळ आणि पानसुपारी. नाल्याकाठच्या विहिरीला त्यांच्या खुंटीवर ३२ फुटांवर पाणी लागलं, ते गावात अजून सांगतात. माळावरच्या बोअरचं कोणी काढत नाही. तीही खुंटी त्यांचीच. २८० फूट नुसता फुफाटा उडाला. उसने पैसे काढून बोअर घेणारे काही बोलले नाहीत. त्या रात्री दादा जेवले नाहीत, आणि आई ताट झाकून बसून राहिली.

आपल्या पुरंदरचा दगड काळा बेसाल्ट. अखंड कातळात पाणी नसतं. असतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. विहिरीचा घेर मोठा, तिला आडव्या भेगा सापडतात. बोअरचं भोक साडेसहा इंची, भेग हुकली की संपलं. नाल्याकाठी पाणी नारळाने दाखवलं असं मला आता वाटत नाही. चालताना दादांची नजर उंबरावर, वारुळावर, वैशाखातही हिरव्या राहिलेल्या हरळीवर असायची. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या दकार्गल, म्हणजे पाणी शोधण्याच्या, अध्यायात वराहमिहिर हेच सांगतो: जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर त्याच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर (हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष) गोड पाणी. दादांनी ती पोथी पाहिलीही नव्हती. माणसं आठवतात ती नारळ, नजर कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी भाच्याला दोन झाकलेल्या बादल्या ठेवायला लावल्या, एक भरलेली, एक रिकामी. दहा वेळा ओळंबा धरला. पाच वेळा बरोबर. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच लिहून ठेवलंय, की लोलक आपल्याच हाताच्या नकळत हालचालीने फिरतो आणि डोळे बांधले की थांबतो. मीही डोळे मिटून पाहिलं. थांबला. मग कबूल करावं लागलं: मोरीकडचा कोपरा मला आधीच हवा होता, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिंबोणी दिसली असती.

म्हणून मोरीकडे आणि पूर्वेच्या बांधाजवळ, अशा दोन्ही जागी हात-दीड हात खोल खड्डे घेऊन पाणी भरलं. बांधाजवळचं दोन तासांत जिरलं. मोरीकडे खाली चिकण माती लागली, आत्ता बॅटरी घेऊन पाहिलं तर अजून चार बोटं पाणी उभं आहे. तिथे लिंबू लावलं तर मुळं कुजतील, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग येईल.

रोपं बांधाकडे नेऊन ठेवली. ओळंबा पुसून दादांच्या पेटीत परत ठेवला. मोरीच्या कोपऱ्यात अळू लावावं, असं हे म्हणतायत.