पुरवठादारांच्या सायबर सुरक्षेची तपासणी : माझा अनुभव

पुण्यातील एका मोठ्या वाहन-उद्योग कंपनीच्या माहिती-सुरक्षा विभागात मी काम करतो. 31 जुलै 2024 रोजी बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवरील रॅन्समवेअर (माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या) हल्ल्यामुळे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तिच्याशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. त्यानंतर ‘आपल्या व्यवस्थेत बाहेरचे कोण कोण येते?’ असा प्रश्न आमच्या व्यवस्थापनाने विचारला आणि उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

खरेदी विभागाने 412 पुरवठादारांची यादी दिली, पण ती वार्षिक खरेदीच्या रकमेनुसार लावलेली होती. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत 2013 साली हल्लेखोर शिरले ते शीतकरण-वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचे लॉगिन चोरून, आणि सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली; धोका बिलाच्या आकड्यावर ठरत नाही. म्हणून ज्यांच्याकडे आमचे लॉगिन किंवा ड्रॉइंग आहेत, त्यांची वेगळी यादी मी केली. ती 63 जणांची झाली, आणि त्यांतले नऊ जण खरेदी विभागाला ठाऊकच नव्हते, कारण ते आमच्या पुरवठादारांचे पुरवठादार होते.

या सर्वांना आम्ही 120 प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. जवळजवळ प्रत्येक रकान्यात ‘होय’ आले. दोन निरनिराळ्या कारखान्यांची उत्तरे तर शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारखी होती. दोघांनी एकाच सल्लागाराकडून ती भरून घेतली होती. तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहायचे ठरवले.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनशेजारच्या संगणकावर आमच्या पोर्टलचे लॉगिन आणि पासवर्ड लिहिलेले कार्ड चिकटवलेले होते, आणि तेलाचे हात लागून ते खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक चढवलेले होते. ते लॉगिन ज्याच्या नावाने होते, तो मुलगा आठ महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. मी विचारल्यावर मालक शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्ही एकच लॉगिन दिलंत आणि आमच्या पाळ्या तीन. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा, म्हणून तुमच्याच हेल्पडेस्कला मेल करून तो बंद करून घेतला.” परत येऊन मी नोंदी पाहिल्या. तो मेल होता, आणि त्यावर आमच्याच माणसाची मंजुरीही होती. पुरवठादाराला दोष देणारा जो अहवाल मी मनात तयार करत आणला होता, तो मला बदलावा लागला, आणि ते योग्यच झाले.

त्यानंतर प्रत्येक पाळीच्या पर्यवेक्षकाला आमच्या खर्चाने स्वतंत्र लॉगिन दिले, ओटीपी पुन्हा सुरू केला आणि पर्चेस ऑर्डरची मुदत संपताच लॉगिन आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केली. करारातील कलमावर मात्र बरेच दिवस गेले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्यामुळे पुरवठादाराने आम्हालाही तातडीने कळवावे, असा आमचा आग्रह होता. त्यावर त्याच मालकांनी विचारले, “रात्री दोन वाजता कळवायचं कोणाला?” करारात फक्त कार्यालयाचा ई-मेल होता. आता तिथे चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक आहे, आणि त्या नऊ अज्ञात पुरवठादारांपैकी पाच जणांच्या भेटी पूर्ण झाल्या आहेत.